मेंदूविज्ञानातील भावना आणि पालीतील वेदना : एक चिकित्सा

मराठी वाचक पाली ग्रंथांकडे वळतो तेव्हा अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच त्याला अधिक फसवितात. वेदना, भावना आणि चेतना हे तीन शब्द घ्यावेत. मराठीत वेदना म्हणजे कळ, दुःख. पालीत वेदना म्हणजे सुखद, दुःखद आणि अदुःख-असुख असा तिहेरी अनुभव. मराठीत भावना म्हणजे राग, भय, प्रेम यांसारखा मनोविकार. पालीत भावना म्हणजे चित्ताची जोपासना, जसे मेत्ताभावना. मराठीत चेतना म्हणजे जाणीव किंवा सजीवपणा. पालीत चेतना म्हणजे हेतुपूर्वक प्रवृत्ती, आणि कम्म म्हणजे काय हे तथागतांनी याच चेतनेच्या आधारे सांगितले आहे.

या तीन शब्दांची आठवण होण्यास एक कारण आहे. आधुनिक मेंदूविज्ञान आणि बुद्धवचन एकच गोष्ट सांगतात, असे प्रतिपादन अलीकडे आपल्या व्याख्यानांतून व लेखांतून वारंवार ऐकू येते. ते करताना हे तीनही शब्द बहुधा न तपासताच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेले जातात. म्हणून प्रस्तुत लेखात मेंदूविज्ञानातील एका महत्त्वाच्या ग्रंथाची पाली साधनांच्या आधारे चिकित्सा करण्याचे योजिले आहे. तो ग्रंथ म्हणजे प्रा. अनिल सेठ यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला ‘बीइंग यू’. लेखात ‘भावना’ हा शब्द मराठी अर्थाने, ‘वेदना’ हा शब्द पाली अर्थाने योजिला आहे. आणि मराठीतील चेतनेसाठी ‘जाणीव’ हा शब्द वापरला आहे.

ग्रंथकार आणि त्यांचा सिद्धान्त

प्रा. सेठ हे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात संशोधन व अध्यापन करतात. केंब्रिजला विद्यार्थी असताना त्यांचा आरंभ भौतिकशास्त्राच्या ओढीने झाला. पुढे ते प्रायोगिक मानसशास्त्राकडे, नंतर संगणकशास्त्राकडे आणि अखेर मेंदूविज्ञानाकडे वळले. या क्षेत्रात हा प्रवास एकाकी नाही. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी शरीरक्रियाशास्त्रातून भौतिकशास्त्राकडे उलटा प्रवास केला होता, आणि आपले पाहणे-ऐकणे हे मेंदूने नकळत काढलेले अनुमान असते हा विचार त्यांनीच प्रथम आग्रहाने मांडला. आजच्या पिढीत कार्ल फ्रिस्टन यांनी ‘मुक्त ऊर्जा’ ही भौतिकशास्त्रातील संज्ञा मेंदूच्या कार्याचे स्पष्टीकरण करण्यासाठी योजिली. सेठ यांचे विवेचन या परंपरेत बसते.

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. मेंदू कवटीच्या अंधारात बंद आहे. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून त्याला केवळ संकेत मिळतात. त्या संकेतांची कारणे कोणती असावीत याचा तो सतत अंदाज बांधतो आणि नव्या संकेतांनी तो अंदाज दुरुस्त करीत जातो. आपण ज्याला पाहणे म्हणतो तो हा दुरुस्त होत जाणारा अंदाज होय. सेठ त्याला ‘नियंत्रित भ्रम’ म्हणतात. जग खोटे आहे असा याचा अर्थ नाही. जगाशी होणाऱ्या संपर्कानेच या भ्रमाला लगाम बसतो, असे त्यांना सांगावयाचे आहे.

येथपर्यंतचा विचार इतरांनीही मांडला आहे. सेठ यांचे वैशिष्ट्य पुढच्या पायरीत आहे. मेंदूकडे संकेत बाहेरूनच येतात असे नाही. हृदयाचे ठोके, श्वास, रक्तदाब, आतड्यांची हालचाल, रक्तातील साखर यांचेही संकेत अखंड येत असतात. शरीर जिवंत ठेवणे हे मेंदूचे आद्य काम असल्याने या आतल्या संकेतांविषयीचे अंदाज त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होत. भावना म्हणजे हेच अंदाज. शरीराचे कसे चालले आहे आणि पुढे कसे चालेल, याची आतून येणारी जाणीव म्हणजे भय, क्रोध, आनंद किंवा उदासी. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली मांडले होते की, आपण भितो म्हणून थरथरत नाही, तर थरथरतो म्हणून आपल्याला भय जाणवते. सेठ यांनी २०१३ साली एका निबंधात या जुन्या विचाराला पूर्वानुमानाच्या सिद्धान्ताची जोड दिली, आणि ग्रंथात त्याचाच विस्तार केला आहे. देकार्त यांनी प्राण्यांना मनरहित ‘पशुयंत्रे’ ठरविले होते. सेठ ते उलटवितात : आपण जिवंत पशुयंत्रे आहोत म्हणूनच आपल्याला जाणीव आहे.

हे केवळ चिंतन नाही. २०१३ सालीच सेठ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगातील व्यक्तीला संगणकाने निर्माण केलेला एक हात दाखविला जाई. तो हात तिच्या स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांच्या तालात लालसर होत असेल, तर तो आपलाच हात आहे असे तिला अधिक वाटे. ताल चुकविला की ते वाटणे कमी होई. ‘हे माझे’ हा भाव किती क्षीण धाग्यावर उभा आहे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

साम्याचा मोह

हे वाचताना बौद्ध वाचकाच्या मनात साम्याचे प्रसंग भराभर उभे राहतात. संयुत्तनिकायातील फेनपिण्डूपम सुत्तात रूपाला फेसाची, वेदनेला पाण्यावरील बुडबुड्याची, सञ्ञेला मृगजळाची, संखारांना केळीच्या खांबाची आणि विञ्ञाणाला जादूगाराच्या खेळाची उपमा दिली आहे. सञ्ञा आणि मृगजळ, आकलन आणि नियंत्रित भ्रम, ही जवळीक नाकारता येत नाही. ‘मी’ ही वस्तू नसून घडत राहणारी प्रक्रिया आहे, हे सेठ यांचे मत अनत्ताच्या शेजारी ठेवावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु येथूनच आपल्याकडील लेखक एक उडी घेतात : विज्ञान आज जे सांगते ते तथागतांना अडीच हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते. ही उडी ग्रंथांच्या आधाराने टिकत नाही. सतिपट्ठान सुत्तातील शरीराच्या अवयवांची यादी पाहावी. केस, लोम, नखे येथून आरंभ होणाऱ्या त्या यादीत एकतीस भाग आहेत आणि त्यांत मेंदू नाही. बत्तिसावा म्हणून ‘मत्थलुंग’, म्हणजे मेंदू, खुद्दकपाठात व पटिसम्भिदामग्गात येतो. तोही अशुभ चिंतनाचा एक विषय म्हणून, मनाचे स्थान म्हणून नव्हे. पट्ठान हा अभिधम्माचा ग्रंथ मन ज्या रूपाच्या आधाराने वर्तते ‘ते रूप’ एवढेच म्हणतो, अवयवाचे नाव घेत नाही. पुढे पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष विसुद्धिमग्गात ते स्थान हृदय असल्याचे सांगतात, आणि रागचरिताच्या हृदयातील रक्त लाल व द्वेषचरिताचे काळे असते असेही नोंदवितात. हे त्या काळचे शरीरज्ञान होते. ते आज चूक ठरले म्हणून धम्माचे काही उणे होत नाही. आणि मेंदूविषयी तथागतांनी काही सांगितले होते असे म्हटल्याने धम्माची प्रतिष्ठा वाढतही नाही. ज्या धम्मात ‘या आणि पाहा’ असे आवाहन आहे, त्याच्या अनुयायांनी प्रमाणपत्र मागत हिंडणे शोभत नाही.

अनत्ताच्या बाबतीतही सावधगिरी हवी. सेठ यांचा ‘मी’विषयक विचार स्पष्टीकरणासाठी आहे : ‘मी’ कसा भासतो हे त्यांना सांगावयाचे आहे. अनत्तलक्खण सुत्तातील युक्तिवाद निराळ्या जातीचा आहे. रूप, वेदना, सञ्ञा, संखार, विञ्ञाण यांपैकी काहीच आपल्या इच्छेप्रमाणे राहत नाही; जे आपल्या ताब्यात नाही त्याला ‘माझे’ म्हणणे युक्त आहे काय, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर कळल्यावर श्रोत्याचे वर्तन बदलावे ही अपेक्षा त्यात गृहीत आहे. पहिला विचार वर्णन करतो, दुसरा सोडवणूक मागतो. दोन्ही विचारांना मान द्यावा, पण एकाचे काम दुसऱ्याने केले असे मानू नये.

वेदना येते कोठून?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सेठ यांच्या विवेचनात भावनेचा उगम देहाच्या नियमनात आहे. हे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. ते कोठे अपुरे पडते हे पाहण्यासाठी वेदनासंयुत्तातील सीवक सुत्त उपयोगी पडते.

मोळियसीवक हा परिव्राजक तथागतांना विचारतो की, माणूस जी जी सुखद, दुःखद वा अदुःख-असुख वेदना अनुभवतो ती सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच असते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. याविषयी आपले मत काय? तथागत हे मत अमान्य करतात आणि वेदनेची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतूंतील बदल, स्वतःच्या देहाची विषम निगा, ‘ओपक्कमिक’ म्हणजे दुसऱ्याच्या आघाताने उत्पन्न होणारी वेदना, आणि आठवे कर्मविपाक. सारे काही पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःला जे कळते त्याच्याही पलीकडे जातात आणि जगाला जे सत्य म्हणून ठाऊक आहे त्याच्याही, असा तथागतांचा अभिप्राय आहे.

ही यादी आधुनिक वैद्यकाची नाही. तिचे मोल तिच्या रचनेत आहे. पहिली सहा कारणे देह व त्याचा परिसर यांची आहेत. सातवे कारण दुसऱ्या माणसाचा हात आहे. अट्ठकथेत याचे उदाहरण म्हणून चोर समजून धरून केलेली मारहाण दिली आहे. म्हणजे वेदनेचे कारण शोधताना केवळ वेदना भोगणाऱ्याच्या कातडीच्या आत पाहून भागत नाही. सेठ यांचा ग्रंथ पहिल्या सहा कारणांच्या क्षेत्रात अत्यंत समर्थपणे वावरतो. सातव्या कारणाशी तो थबकतो. ‘मी’च्या विविध स्तरांत ते सामाजिक ‘मी’चाही समावेश करतात, हे नमूद केले पाहिजे, परंतु ग्रंथाचा सारा भर देहनिष्ठ ‘मी’वर आहे, आणि समाज तेथे मुख्यतः ‘इतरांना मी कसा दिसतो’ या रूपाने येतो. माणसे माणसांना काय करतात, या रूपाने तो येत नाही.

ठोका आणि पूर्वग्रह

हा आक्षेप बाहेरून लादलेला आहे असे कोणास वाटेल. परंतु तो सेठ यांच्याच वैज्ञानिक परिवारातील एका प्रयोगातून उभा राहतो. २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात रुबेन अझेवेदो, सारा गारफिंकेल, ह्यूगो क्रिचली आणि मानोस त्साकिरिस यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. यांतील गारफिंकेल व क्रिचली हे वर उल्लेखिलेल्या हाताच्या प्रयोगात सेठ यांचे सहकारी होते. या नव्या प्रयोगात कृष्णवर्णीय व गौरवर्णीय माणसांच्या प्रतिमा दाखवून, त्यांच्याशी जोडलेली वस्तू शस्त्र आहे की निरुपद्रवी वस्तू, हे सहभागी व्यक्तींना झटपट ठरवावयाचे होते. प्रतिमा कधी हृदयाच्या आकुंचनाच्या क्षणी दाखविल्या गेल्या, कधी दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी. निःशस्त्र कृष्णवर्णीय माणसाला सशस्त्र समजण्याची चूक आकुंचनाच्या क्षणी अधिक झाली.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लावला पाहिजे. हृदय मेंदूला सांगते ते इतकेच की ठोका पडला, किती जोराने पडला. ‘हा माणूस काळा आहे, म्हणून धोकादायक आहे’ हे वाक्य कोणत्याही हृदयातून निघत नाही. ते वाक्य समाजाने मेंदूत आधीच लिहून ठेवलेले असते. ठोका त्याला केवळ जोर देतो. पूर्वानुमानाचे यंत्र जन्मजात असेल, पण त्यात भरलेला मजकूर जन्मजात नाही. सेठ यंत्राचे वर्णन करतात. मजकूर कोणी लिहिला हे विचारीत नाहीत. आपल्यासाठी मात्र तोच पहिला प्रश्न आहे.

सदर प्रयोग वंशभेदाविषयीचा आहे, जातीविषयीचा नाही, आणि त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे जातीला लावता येणार नाहीत. तरीही विचाराची दिशा मिळते. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागत नेमक्या देहाकडेच बोट दाखवितात. वनस्पती, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातिभेदाची चिन्हे देहावर असतात; माणसांच्या केसांत, डोळ्यांत, ओठांत, हातापायांत तशी चिन्हे नाहीत. माणसांतील भेद हा ‘समञ्ञा’, म्हणजे केवळ नामव्यवहार आहे. मग जो भेद देहात नाही, तो पाहणाऱ्याच्या देहात किळस होऊन कसा उमटतो? उत्तर पाली परिभाषेत सरळ आहे : तो संखार आहे. घडविलेला आहे, आणि म्हणून मोडता येण्याजोगा आहे. जात ही विटांची भिंत नसून मनाची एक अवस्था आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात प्रतिपादिले, त्याचा रोख हाच होता. मनाची अवस्था म्हणजे सहज पुसला जाणारा विचार, असे मात्र त्यांना अभिप्रेत नव्हते. तिच्यामागील धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावरच त्यांनी घाव घातला.

महाडची साक्ष

महाडचा सत्याग्रह या दृष्टीने पुन्हा वाचावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता, आणि महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून निर्णयही घेतला होता. तरी २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना घेता आले नाही. कायदा बदलला होता. देह बदलले नव्हते. एका बाजूच्या देहांत किळस मुरली होती, दुसऱ्या बाजूच्या देहांत भय. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतल्यावर सनातन्यांनी तळ्यातून पाणी उपसून, शेण-गोमूत्रादी पंचगव्याने त्याची ‘शुद्धी’ केली. ज्या तळ्यावर गुरेढोरे मुक्तपणे पाणी पीत, त्या पाण्याला माणसाच्या स्पर्शाने बाध येतो हे कोणाच्याही आतड्याने सांगितले नव्हते. ते शास्त्राने शिकविले होते आणि आतड्यापर्यंत पोहोचविले होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा भयाचा आहे. सेठ यांच्या परिभाषेत भय हे शरीराविषयीचे पूर्वानुमान होय. तळ्याकडे निघालेल्या लोकांचे पूर्वानुमान चुकीचे होते काय? त्याच दिवशी, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. त्यांचे भय भ्रम नव्हते. ते अनुभवाने अचूक शिकलेले ज्ञान होते. किळस आणि भय ही दोन्ही पूर्वानुमानेच. पण एक खोटे असून सत्तेच्या बळावर टिकले होते, दुसरे खरे असून सत्तेच्या आघातातून जन्मले होते. यंत्राचे वर्णन करणारे विज्ञान या दोहोंत भेद करू शकत नाही. त्यासाठी ‘ओपक्कमिक’ हा शब्द लागतो.

म्हणूनच आजकाल ताणमुक्तीचा उपाय म्हणून जे ध्यान सर्वत्र शिकविले जाते, त्याविषयी सावध राहिले पाहिजे. ज्याचे भय खरे आहे त्याला केवळ श्वासाकडे लक्ष देऊन शांत व्हावयास सांगणे म्हणजे आघाताची जबाबदारी आघात सोसणाऱ्यावर टाकणे होय. पूर्वकर्माचा सिद्धान्त हेच करीत आला, आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्याचा निषेध केला. कर्माच्या जागी मेंदू हा शब्द घातल्याने तो सिद्धान्त वैज्ञानिक होत नाही.

वेदना जाते कोठे?

यावरून ध्यान निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. पटिच्चसमुप्पादाच्या साखळीत वेदनेनंतर तण्हा येते, आणि मुक्तीचा मार्ग याच सांध्यावर आहे. मज्झिमनिकायातील मधुपिण्डिक सुत्तात महाकच्चान थेर या प्रक्रियेचे विवरण करतात. तेथील व्याकरण लक्षात घेण्यासारखे आहे, आणि श्रीलंकेतील भिक्खू ञाणनन्द यांनी १९७१ साली त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. फस्सामुळे वेदना होते, येथपर्यंत वाक्यरचना अकर्तृक आहे. वेदनेनंतर मात्र क्रियापदे सकर्तृक होतात : माणूस जे वेदतो ते तो ओळखतो, ओळखलेल्याचा वितर्क करतो, आणि त्याचा पपञ्च, म्हणजे पसारा, मांडतो. वेदना घडते, पुढचे माणूस करतो. जेथे कर्ता येतो तेथे जबाबदारी येते.

सेठ यांच्या ग्रंथात हा सांधा अस्पष्ट राहतो. त्यांच्या मते वेदना आणि तिचा अर्थ हे दोन्ही एकाच अंदाजाची अंगे आहेत. प्रयोगशाळेतील मापनाच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण मग ठोक्याच्या क्षणी निरपराध माणसाला सशस्त्र समजणाऱ्याला आपण काय म्हणणार? ठोका त्याने पाडला नाही, हे खरे. मात्र ठोक्यानंतरचा पसारा त्याचा आहे, आणि तो वारंवार मांडल्याने पुढच्या ठोक्याचा मजकूर लिहिला जातो, तोही त्याचाच. येथे सतीचे स्थान आहे. आपली किळस उठताना पाहणे, तिला ‘माझी’ न म्हणणे आणि तिच्या आधारे हात न उचलणे, ही भावना म्हणजे चित्ताची जोपासना. सवर्ण मनाला या भावनेची गरज अधिक आहे, हे सांगावयास आपण संकोचू नये.

सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण देहाचा, दुसरा मनाचा. आर्यश्रावकाला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. या दृष्टान्ताचे विवरण करताना दुसऱ्या बाणावर इतका भर दिला जातो की, पहिला बाण कोणी सोडला हे विचारावयाचे राहून जाते. सीवक सुत्त आणि सल्ल सुत्त वेदनासंयुत्तात एकत्र आहेत. ती एकत्रच वाचावीत.

उपसंहार

‘बीइंग यू’ हा ग्रंथ प्रामाणिक आहे. आत्म्याचा आधार न घेता जाणिवेचा विचार करणे, मनाला देहापासून न तोडणे, आणि आपले मत प्रयोगाच्या कसोटीस लावणे, हे त्याचे तीन गुण आपल्या वाचकांनी आत्मसात करावेत असे आहेत. अभ्यासवर्गांत तो वाचला जावा. मात्र तो धम्माचा पुरावा म्हणून वाचू नये. देहातून वेदना कशी उमटते हे तो सांगतो. ती देहात कोणी घातली आणि तिचे पुढे काय करावयाचे, हे दोन प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतात. पहिला प्रश्न महाडच्या तळ्यावर उभा राहिला होता. दुसरा प्रत्येकाच्या चित्तात रोज उभा राहतो. या दोहोंचा विचार एकत्र करणारी दृष्टी बाबासाहेबांनी आपल्याला दिली आहे. तिचा विनियोग करणे हे आपल्या अभ्यासकांचे काम आहे, आणि ते मेंदूविज्ञानावर सोपविता येणार नाही.